एका हातानं उचलायचा कॅमेरा

नसरुद्दीनच्या धाकट्या मुलीचं, सफूराचं लग्न झालं ते २०२२ साल. करोनामुळे दोनदा पुढे गेलेलं लग्न त्या मे महिन्यात केळशीला एकदाचं पार पडलं, आणि लग्नासाठी रजा घेऊन आलेला नसरुद्दीन जूनमध्ये सौदीतल्या तबूकला परत गेला. जाताना कफिलासाठी, म्हणजे तिकडच्या मालकासाठी, हापूसची पेटी नेली आणि फोनमध्ये भरून लग्नाचे फोटो नेले. आंबे कफिलाच्या घरातल्या सगळ्यांनी मिळून संपवले. पुढचं जे काही घडलं ते फोटोंमुळे घडलं.

त्याच्या कफिलाला सगळं तबूक अबू मिसफिर म्हणून ओळखायचं. थोरल्या मुलाचं नाव मिसफिर, म्हणून हे मिसफिरचे वडील. नसरुद्दीन मात्र त्यांना बाबाच म्हणायचा. तीस वर्षं तो त्यांची गाडी चालवत होता. इतक्या वर्षांत इकाम्याची, तिथं राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली म्हणून त्याला कधी आठवण करावी लागली नव्हती, आणि वाळवंटात जेवायला बसताना बाबांनी त्याचं ताट कधी वेगळं मांडू दिलं नव्हतं. रियाधच्या बत्ह्यात, जेद्द्यात आपल्या माणसांच्या तोंडून कफिलांच्या नाना कथा ऐकून आल्यावर नसरुद्दीन गाडीचं दार उघडताना मनात म्हणायचा, माझं नशीब थोर.

बाबांचा जीव ससाण्यात होता. हिवाळा लागला की ते तबूकच्या पश्चिमेला, लाल दगडाच्या डोंगरांखाली तंबू ठोकायचे आणि ससाणा उडवून शिकार करायचे. हातावर पक्षी घेऊन बसलेले बाबा पाहिले की नसरुद्दीनला वाटायचं, हा माणूस दुसऱ्या कशासाठी जन्मालाच आला नसावा. पक्ष्यावर कधी आवाज चढवला नाही. आधी पक्ष्याच्या तोंडात घास, मग स्वतःच्या. आणि नजर अशी, की आभाळात ठिपकासुद्धा उमटायच्या आत बाबा सांगायचे, मादी आहे, उपाशी आहे, डावा पंख झिजलाय.

तीच नजर गेल्या दोन हिवाळ्यांत गेली होती, आणि हे नसरुद्दीनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याला कळलं ते असं. दोन हिवाळ्यांमागे एका सकाळी बाबांनी गैमाला सोडलं. गैमा म्हणजे त्यांची ससाण्याची मादी, करड्या ढगाच्या रंगाची, म्हणून नाव गैमा, ढग. ती वर गेली, आणि बाबांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कुठं आहे रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मिसफिर आणि दोन पाहुणे शेजारी उभे होते. नसरुद्दीन गाडीचं बॉनेट पुसत पुटपुटला, पण अरबीत नाही, मराठीत पुटपुटला, "वर. उजवीकडे. अजून उजवीकडे."

बाबांना एवढं मराठी येत होतं. तीस वर्षं शेजारी बसून त्यांनी डावीकडे, उजवीकडे, थांब, चल, वर, खाली असले शब्द उचलले होते आणि प्रवासात चेष्टेनं वापरतही होते. त्या दिवशी मात्र चेष्टा नव्हती. बाबांनी मान वळवली, नेमकी गैमाच्या दिशेनं, आणि पाहुणे म्हणाले, "माशाअल्ला, काय नजर आहे!"

तेव्हापासून हाच शिरस्ता पडला. गैमा उडाली की नसरुद्दीन कुठंतरी मागं उभा राहून गुणगुणायचा, "वर... डावीकडे... खाली... बसली." मिसफिर समजायचा की ड्रायव्हर गाडी बंद पडू नये म्हणून काही दुवा वगैरे पढतोय.

पण मिसफिर काही खुळा नव्हता. चाळिशीचा, सरकारी कचेरीत अधिकारी, वडिलांवर जीव असलेला. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी बाबा चालता चालता काटेरी झुडपात शिरले होते आणि हात सोलवटून आले होते. तेव्हापासून त्याच्या मनात शंका होती. वडिलांना तो यबा म्हणायचा. त्यानं घरात सर्वांसमोर सांगून टाकलं होतं, "या हिवाळ्यात पहिल्या उड्डाणाला मी स्वतः येणार. यबाची नजर शाबूत असली तर ठीक. नसली तर खलास. गैमा काकाच्या घरी जाईल आणि तंबू कायमचा गुंडाळायचा. वाळवंटात मला माझा बाप हरवायचा नाही."

त्या रात्रीपासून बाबांचं जेवण अर्ध्यावर आलं.

असं सगळं असताना नसरुद्दीन लग्न उरकून आला आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला. एकेक फोटो बोटांनी ताणून मोठा करत बघू लागले.

"ही सफूरा. बांगड्या हिरव्या. ही तुझी बायको, रडतेय. हा कोण, हा जांभई देतोय?"

"माझा मेव्हणा. निकाहाच्या वेळीसुद्धा जांभई देतो."

बाबा हसले. मग एका फोटोवर थांबले. दापोलीहून आलेला फोटोग्राफर शर्विल जेवणावळीनंतर मोकळा झाला, तेव्हा किनाऱ्यावर जाऊन त्यानं समुद्री गरुडाचा फोटो काढला होता. पायात मासा, पंख पसरलेले, आणि गरुड मान वळवून खाली बघतोय. बाबांनी तो फोटो इतका ताणला की पडद्यावर नुसता गरुडाचा डोळा राहिला.

"किती लांबून काढला?"

"लांबच होता तो, बाबा. तो सुरूच्या झाडांवर आणि पोरगा वाळूत. मला तर घार वाटली."

बाबा पुष्कळ वेळ त्या डोळ्याकडे बघत राहिले. मग फोन परत देत म्हणाले, "दोन हातांवर बसलेला तू मला दिसत नाहीस, नसरुद्दीन. आणि तुझ्या गावच्या पक्ष्याच्या डोळ्यातला तपकिरी रंग दिसला. मला हे यंत्र पाहिजे."

ऑक्टोबरात दोघं रियाधला निघाले. मुलांना बाबांनी सांगितलं, "कॅमेरा आणायला जातो. शिकारीला जाताना जनावरांचे फोटो काढीन म्हणतो." त्यात खोटं काही नव्हतं. वाटेत इस्पितळातही जायचं होतं, ते कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टर कौमुदी मूळच्या सांगलीच्या. नसरुद्दीन मराठी निघाला हे कळताच त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"काका, साखरेमुळे आतला पडदा खराब झालाय. लांबचं आता परत येणार नाही. आहे ते टिकवायला औषध देते. पण जवळचं, मोठं केलेलं आणि भरपूर उजेडातलं दिसेल त्यांना. मोबाईल चालतो का?"

"मॅडम, मोबाईलवर माझ्या मेव्हण्याची जांभई ओळखली त्यांनी."

डॉक्टर हसल्या. "मग असलंच काहीतरी वापरू द्या. फक्त गाडी चालवायची नाही."

नसरुद्दीननं हे अरबीत सांगितल्यावर बाबा गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सांग, गाडी तीस वर्षं हाच चालवतो, आणि याचे डोळे चांगले असूनही मला रोज भीती वाटते."

तिथून ते बत्ह्याला आले. पैसे पाठवायच्या पेढ्या, चहाच्या टपऱ्या, बसवाल्यांच्या आरोळ्या, आणि त्या सगळ्या गर्दीत मागच्या गल्लीला हाशिरचं कॅमेऱ्याचं दुकान. हाशिर श्रीवर्धनचा, नसरुद्दीनच्या चुलतभावाचा मुलगा. बोलण्यात मोठा तरबेज. त्यानं बाबांना गादीची खुर्ची दिली, कहवा मागवला, आणि पहिल्याच फटक्याला दुकानातला सगळ्यात मोठा कॅमेरा काढला. पुढे पांढरी नळी, कोपरापर्यंतच्या हाताएवढी.

"चाचा, सांगा त्यांना. फुटबॉलच्या मॅचला सगळे हाच लावतात."

बाबांनी नळीवरून हात फिरवला. "हा उचलायला किती माणसं पाठवणार आहेस? आणि मॅचमधला चेंडू माणसाला बघून पळत नाही. ही पांढरी तोफ बघून अख्खं वाळवंट मोकळं होईल."

"मग हा घ्या, छोटा." हाशिरनं खिशात मावणारा कॅमेरा दिला. मागं पडदा, चित्र स्वच्छ. बाबांनी तो डोळ्यांशी धरला, मान डोलावली, आणि उठून थेट रस्त्यावर गेले. दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं. तसेच परत आले आणि कॅमेरा काचेवर ठेवला.

"उन्हात याचा पडदा आंधळा होतो," ते नसरुद्दीनच्या कानाशी म्हणाले. "एका गाडीत दोन आंधळे नकोत."

नसरुद्दीनला हसावं की रडावं कळेना.

तिसऱ्या कॅमेऱ्याची हाशिरनं फार तारीफ केली. लांबच्यासाठी एक भिंग, जवळच्यासाठी दुसरं, जसं पाहिजे तसं काढा नि बसवा. त्यानं भिंग फिरवून काढलंही. आतला नाजूक आरसा चमकला. बाबा म्हणाले, "तस्साच धर, हलू नकोस." त्यांनी सोबत आणलेल्या शिकारीच्या कोटाचा खिसा उलटा केला आणि शिवणीतली वाळू काचेवर झटकली. बारीक, पिठासारखी. दुकानाच्या पंख्यानं ती लगेच उडाली. हाशिरनं कॅमेरा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला.

"अहो शेख, काय करता हे!"

"मी काही केलं नाही. हा कोट सात महिने घरात टांगलेला होता. आता विचार कर, वारं सुटलेलं असताना मी हे तोंड उघडलं तर काय होईल?"

हाशिर हळूच हसला. "चाचा, हा म्हातारा गिऱ्हाईक नाही, पारखी आहे. हे असं बघायला शिकले कुठं?"

हा प्रश्न नसरुद्दीनलाही पडला होता, आणि उत्तर त्याला तिथंच बसल्या बसल्या सुचलं. बाबा ससाणा विकत घेताना जसे बघायचे तसेच ते कॅमेरा बघत होते. बाजारात लोक पक्ष्याचा रंग बघतात, आकार बघतात. बाबा आधी त्याला हातावर बसवून वजन घ्यायचे, मग तो श्वास कसा घेतो ते ऐकायचे, मग उन्हात न्यायचे. इथंही त्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबून आवाज ऐकायला सुरुवात केली होती. एक कॅमेरा त्यांनी खटक असा आवाज करताच बाजूला सारला. "याला खोकला आहे."

शेवटी हाशिरनं फळीच्या मागच्या बाजूचा एक डबा काढला. मॉडेल दोन वर्षं जुनं, काळं, मध्यम आकाराचं. भिंग कायमचं जोडलेलं, उघडायची भानगडच नाही. लांबचं ओढून आणायची ताकद मोठी. मागं पडदा होताच, पण वर रबराच्या कडेची खिडकीही होती. डोळा लावला की आत छोटासा उजळ पडदा, आणि बाहेरचं ऊन कडेनंसुद्धा आत शिरत नव्हतं. आवाज पूर्ण बंद करता येत होता, आणि नेम धरताना पुढे लागणारा तांबडा दिवाही.

बाबांनी कोटातून आपला चामड्याचा हातमोजा काढला. डाव्या हातात चढवला, कोपर अंगाशी घेतलं आणि मूठ वळली, जशी गैमा बसलेली असताना वळायचे तशी. त्या हातावर आता गैमाच आहे असं समजून त्यांनी उजव्या एकाच हातानं कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, तर्जनीनं दांडी सरकवली. भिंग आवाज न करता पुढे आलं. डावा हात तसूभरही हलला नाही.

दुकानाच्या दारातून समोरची उंच इमारत दिसत होती. बाबा तिच्या माथ्याकडे वळले आणि थांबले. कहवा गार झाला. हाशिर बोलायला लागला तसा नसरुद्दीननं त्याच्या हातावर हात ठेवला.

"वरच्या पाटीवर कबुतरं आहेत," बाबा म्हणाले. "तिसरं कबुतर आहे ना, नसरुद्दीन, त्याच्या उजव्या पायाचं एक नख तुटलंय."

नसरुद्दीननं वर पाहिलं. त्याला नुसती पाटी दिसत होती.

"हाच दे," तो हाशिरला म्हणाला, आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं दुकानाबाहेर गेला.

निघताना बाबांनी विचारलं की हा आवाज पण धरतो का. ससाणा पंख मिटून खाली येतो तेव्हा कापड फाडल्यासारखा आवाज होतो, तो त्यांना पाहिजे होता. हाशिर म्हणाला, "धरतो, पण वाळवंटातला वारा नुसता भणभणेल. थांबा, ही माझ्याकडून भेट." त्यानं कॅमेऱ्याच्या डोक्यावर छोटा माईक बसवला आणि माईकवर केसाळ टोपरं चढवलं. करड्या-तपकिरी केसांचा मूठभर झुबका. बाबांनी हात फिरवून पाहिला. "मऊ आहे," म्हणाले. नसरुद्दीनला तो झुबका नवरदेवाच्या घोड्याच्या तुऱ्यासारखा वाटला.

चूक झाली ती इथं. दोघांची जिंदगी ससाण्यांत गेली, आणि दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी पहिलं उड्डाण ठरलं. सूर्य लाल डोंगरांवर आला होता, थंडी हाडांत शिरत होती. मिसफिर लोकरीचा बिश्त पांघरून गाडीला टेकून उभा होता. वडिलांवरून नजर काढत नव्हता. बाबांच्या डाव्या हातावर गैमा होती, डोळ्यांवर चामड्याची टोपी. गळ्यात कॅमेरा.

"यबा, हे यंत्र कशाला आता? आधी पक्षी बघा."

"पक्षीच बघणार आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी दातांनी आणि बोटांनी टोपीची वादी सोडवली. गैमानं डोकं फिरवून सगळं रान एकदा पाहून घेतलं, पंख झाडले आणि निघाली. नसरुद्दीननं सवयीनं सुरू केलं, "वर... उजवीकडे..." आणि मध्येच गप्प झाला. गरजच नव्हती. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता आणि भिंगाचं टोक गैमाच्या मागं मागं असं जात होतं की जणू दोरीनं बांधलंय. ती वळली की ते वळायचं. नसरुद्दीनला वाटलं, जिंकलो.

मिसफिरही सरळ उभा राहिला होता. समोरच्या दगडांतून करवानक उठला, लांब पायांचा, मातकट पक्षी. शिकारीच्या परवान्यात तोच लिहिलेला होता. मिसफिर ओरडला, "निघाला!" गैमा वरून कलली, पंख मिटले, खाली सुटली. आणि अर्ध्या वाटेत तिनं करवानकाला सोडून दिलं.

ती वळली आणि सरळ बाबांकडे यायला लागली.

तेव्हा नसरुद्दीनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज संध्याकाळी बाबा गैमाला परत बोलवायला काय फिरवायचे? तिल्वाह! दोरीला बांधलेला करड्या-तपकिरी पिसांचा झुबका, आत मांसाचा तुकडा. धन्याच्या उजव्या हातात झुबका म्हणजे जेवण, हेच तर तिला लहानपणापासून शिकवलं होतं. आणि आज धन्याच्या उजव्या हातात, भर उन्हात, हाशिरचा तो केसाळ तुरा डुलत होता.

"यबा! बाजूला व्हा!" मिसफिर किंचाळला.

बाबा हलले नाहीत. गैमा बाणासारखी येत होती, आणि ते कॅमेरा डोळ्याला लावून ताठ उभे, तर्जनी बटणावर. शेवटच्या क्षणी नुसता डावा हात चेहऱ्यापुढे आला. धाडकन आवाज झाला. बाबा दोन पावलं मागं गेले, कॅमेरा पट्ट्याला लोंबकळला, आणि गैमा तो झुबका माईकसकट उपटून घेऊन शेजारच्या खडकावर जाऊन बसली. तिथं तिनं एकेक केस उपटायला सुरुवात केली, आणि आत मांस काही निघेना म्हणून अशा संतापानं बाबांकडे पाहिलं की जशी काही तक्रार घेऊन आली आहे.

मिसफिर धावला. वडिलांचा अंगठा ओरबाडला होता, बाकी काही नाही. पण मिसफिर ओरडला, "बाजूला का झाला नाहीत? पोरसुद्धा झालं असतं! आंधळ्यालासुद्धा..." आणि तो थांबला. बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं.

बाबांनी कॅमेऱ्यावरची वाळू फुंकली, मागचा पडदा चालू केला आणि मुलापुढे धरला. पडदाभर गैमा होती. समोरून. पंख अर्धे मिटलेले, चोचीच्या कडेला पिवळी रेघ, आणि दोन काळे डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. एका डोळ्यात बाबांची आणि कॅमेऱ्याची बारीकशी सावलीही पडली होती.

"दोन हिवाळे झाले," बाबा म्हणाले, "मी तिला उडताना पाहिलेलं नाही. तुझा चेहरासुद्धा इथून मला धूसर दिसतो, मिसफिर. डॉक्टर म्हणाली, परत येणार नाही. आज ती मला दिसली, आणि माझ्याकडे येत होती. बाजूला होऊन मी काय बघणार होतो?"

मिसफिर खाली दगडावर बसला. मग नसरुद्दीनकडे वळला. "तुला माहीत होतं."

"हो."

"तू मला शाळेत सोडायचास. आणि मला सांगितलं नाहीस?"

"ती गोष्ट बाबांची होती, मिसफिर. माझी असती तर पहिली तुलाच सांगितली असती."

"आणि ते दिवसभर तुझं गुणगुणणं? ती दुवा?"

नसरुद्दीननं मान खाली घातली. "दुवा नव्हती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आमच्या भाषेत."

मिसफिर आ वासून बघत राहिला. "म्हणजे मी दोन वर्षं मागं उभा राहून आमीन म्हणत होतो ते..."

"डावीकडे-उजवीकडेला," बाबा म्हणाले, आणि इतके मोठ्यानं हसले की खडकावर गैमानंही केस उपटायचं थांबवलं. मिसफिर आधी चिडून बघत होता, मग त्यालाही हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसायला लागला आणि मग पुसतच राहिला.

पण गैमा अजून खडकावर होती, आणि रुसलेला ससाणा सगळ्यांना येतो असं नाही. मिसफिरनं हाक मारून पाहिली, ती ढिम्म हलली नाही. बाबा उठले. हातमोज्यावर मांसाचा तुकडा धरला, जीभ टाळ्याला लावून तिला ओळखीचा आवाज दिला आणि तिच्या दिशेनं चालू लागले. मध्ये काटेरी झुडूप होतं, मागच्या वर्षीसारखंच.

नसरुद्दीननं तोंड उघडलं. मिसफिरनं हात वर करून त्याला थांबवलं.

"डाव्या बाजूला तुमच्यात काय म्हणतात?"

"डावीकडे."

"दावीकदे!" मिसफिर वडिलांना ओरडून म्हणाला. "यबा, दावीकदे!"

बाबा जागच्या जागी थांबले. पाठमोरे होते, चेहरा दिसला नाही. मग झुडपाला वळसा घालून डावीकडून गेले. गैमा पंख न पसरताच, टुणकन उडी मारून त्यांच्या मुठीवर आली.

तंबू गुंडाळला गेला नाही. गैमा काकाच्या घरी गेली नाही. तो केसाळ तुरा मिसफिरनं हाशिरला परत पाठवला, सोबत निरोप, की आमच्या पक्ष्याला तुझा माल पसंत नाही. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मिसफिर जमेल तेव्हा येऊ लागला, आणि नसरुद्दीनचं मागं उभं राहून गुणगुणायचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं. त्याचा ड कधी सुधारला नाही.

बाबांनी खूप फोटो काढले. बिळातून डोकावणारा कोल्हा, दगडाच्या रंगाचा चंडोल, उंटाच्या पाठीवर बसलेला कावळा. पण नसरुद्दीनच्या मते सगळ्यांत मोठा फोटो दुसऱ्या हिवाळ्यातला. त्या दिवशी समोरच्या माळावर हुबारा चालत होता. आपल्याकडच्या माळढोकाचा भाऊबंद, तसाच डौलदार. बाबांच्या तरुणपणी ससाणा पाळायचा तो हुबाऱ्यासाठीच, पण आता त्याला हात लावायला बंदी आहे. गैमाला टोपीतूनसुद्धा त्याची चाहूल लागली. ती मुठीवर अस्वस्थ झाली, नखं मोज्यात रुतली. मिसफिर हलकेच म्हणाला, "समोर, यबा. जरा खाली. दावीकदे."

बाबांनी टोपीच्या वादीला हात लावला नाही. डाव्या हातावर तो सगळा ताण, ती ओढ सांभाळत त्यांनी उजव्या हातानं कॅमेरा उचलला. हुबाऱ्यानं मान फुलवली, पांढरी पिसं उन्हात उभी राहिली. वाऱ्याचा तेवढा आवाज होता. नसरुद्दीन त्या डाव्या हाताकडे बघत होता. सत्तरी ओलांडलेला हात, त्यावर शिकारीला आसुसलेला पक्षी, आणि मूठ जराही कापत नव्हती.

हुबारा चालत चालत दगडांआड गेला.

"खलास?" मिसफिरनं विचारलं.

"खलास," बाबा म्हणाले. "पोट भरलं." मग गैमाला त्यांनी खिशातला घास भरवला, कारण तिचं पोट फोटोनं भरणार नव्हतं. तो फोटो आता त्यांच्या बैठकीत, समोरच्या भिंतीवर लावलेला आहे. नसरुद्दीननं त्याची एक प्रत केळशीला पाठवली. सफूरानं ती दारासमोरच लावली आहे.

अबू मिसफिर २०२४ च्या फेब्रुवारीत, शाबान महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी, तबूकला राहत्या घरी वारले. सफूराचा मुलगा तेव्हा नुकता रांगायला लागला होता.